आम्ही आलो आणि टेबलाची भाषा बदलली : वायव्य वेल्समधले सहा दिवस

मे महिन्यात सहा दिवस वायव्य वेल्समध्ये, म्हणजे ग्विनेड परगण्यात राहून आले. मावसबहीण बँगोरला डॉक्टर आहे, तिच्याकडे जायचं केव्हापासून नुसतं ठरत होतं. तिथले किल्ले, डोंगर आणि छोट्या आगगाड्या सुंदरच आहेत, पण त्यांची माहिती कुठेही मिळते. मला लिहायचंय ते तिथल्या भाषेबद्दल, आणि आपण पाहुणे म्हणून गेलो की त्या भाषेचं काय होतं त्याबद्दल. जाणाऱ्यांना उपयोगी पडेल ते मध्ये मध्ये सांगत जाते.

आधी पोचायचं कसं ते. व्हिसा ब्रिटनचाच, वेल्ससाठी वेगळं काही लागत नाही. लंडनच्या युस्टन स्टेशनवरून बँगोरला थेट गाड्या आहेत, सव्वातीन तासांच्या आसपास लागतात. थेट मिळाली नाही तर क्रूला किंवा चेस्टरला बदला. तिकीट जितकं आधी काढाल तितकं स्वस्त. बँगोरहून पुढे कायरनारवॉनला रेल्वे नाही, ती १९७० मध्ये बंद झाली. बसने जायचं. रोमन लिपीत ते नाव वाचताना 'एफ'चा उच्चार 'व' करायचा. आणि दोन 'एल' शेजारी दिसले की जीभ 'ल' म्हणायच्या जागी ठेवून नुसती हवा सोडायची. मी ते मराठीत 'ल्ह' लिहिणार आहे. कोल्हापूरचा 'ल्ह' नव्हे तो, पण आपल्या जिभेला त्यातल्या त्यात जवळचा तोच.

हा उच्चार मला सात वर्षांच्या भाचीने शिकवला. ती पाच वर्षांची असताना हे लोक तिकडे गेले. तिथल्या प्राथमिक शाळा वेल्श माध्यमाच्या. बाहेरून आलेल्या मुलांना भाषा यावी म्हणून परगण्याने खास केंद्रं चालवली आहेत. तिथे काही आठवडे मुलांना वेल्शमध्ये अक्षरशः बुडवून काढतात आणि मग नेहमीच्या वर्गात पाठवतात. भाची आता आईशी मराठीत, बाबांशी अर्धं इंग्रजीत आणि बाहुल्यांशी वेल्शमध्ये बोलते. बाहुल्यांशी कोणत्या भाषेत बोलते ते मी मुद्दाम ऐकत बसले होते.

कायरनारवॉनला दोन रात्री राहिलो. पहिला एडवर्ड या इंग्रज राजाने वेल्स जिंकल्यावर १२८३ मध्ये इथला किल्ला बांधायला घेतला आणि तटाच्या आत इंग्रज लोक आणून वसवले. आज त्याच तटाच्या आत, दुकानात, बसथांब्यावर, शाळेच्या फाटकाशी जी भाषा कानावर पडते ती वेल्श. २०२१ च्या जनगणनेत अख्ख्या वेल्समध्ये वेल्श बोलणारे १७.८ टक्के, म्हणजे साधारण ५ लाख ३८ हजार होते. ग्विनेडमध्ये हेच प्रमाण ६४.४ टक्के. म्हणून भाषा ऐकायला जायचं असेल तर राजधानी कार्डिफला नाही, इकडे या.

आमच्या मुक्कामाच्या घरी इंग्लंडहून आलेलं एक जोडपं होतं. न्याहारीला त्यांनी आम्हाला सावध केलं : "इथले लोक एरवी इंग्रजीच बोलतात हो, पण आपण पबमध्ये शिरलो की मुद्दाम वेल्श सुरू करतात." हे तुम्हालाही कुणीतरी सांगणार. ब्रिटनभर ही गोष्ट सांगितली जाते. ती मनात घेऊन मी पुढचे चार दिवस कान उघडे ठेवले.

तिसऱ्या दिवशी ल्हीन द्वीपकल्पावर गेलो. तिथे ल्हिथ्वाइन नावाचं गाव आहे, जुन्या दगडखाणीचं. गावातला पब बंद पडला तेव्हा लोकांनी वर्गणी काढून तो १९८८ मध्ये विकत घेतला आणि तेव्हापासून गावच तो चालवतंय. नाव ताव्हर्न अ व्हिक. संध्याकाळी आम्ही आत गेलो तेव्हा कोपऱ्यातल्या टेबलावर पाच जण बसले होते, तीन पुरुष, दोन बायका. चाललं होतं वेल्शमध्येच. मधूनच 'सो', 'ओके', एखादा आकडा, ट्रॅक्टरच्या भागांची नावं इंग्रजीत. आपण मराठी बोलताना करतो तसंच. न्याहारीच्या गोष्टीचा उगम मला तिथेच सापडला असं वाटतं. दारातून आत येणाऱ्याच्या कानाला ओळखीचे तेवढे शब्द आधी लागतात, मग अनोळखी भाषा ऐकू येते, आणि वाटतं की आत्ता बदलली.

त्यांनी आम्हाला बसायला जागा करून दिली. आणि त्या क्षणी टेबलाची भाषा खरंच बदलली : वेल्शची इंग्रजी झाली. आमच्याशी बोलताना इंग्रजी, हे ठीकच. पण ते पाचही जण आपापसातसुद्धा इंग्रजीत बोलू लागले. नवरा बायकोला "तुझा ग्लास संपला का" हे इंग्रजीत विचारत होता. आम्हाला परकं वाटू नये म्हणून. अर्ध्या तासाने माझ्या लक्षात आलं की माझ्या एकटीच्या येण्याने पाच माणसांची संध्याकाळ दुसऱ्या भाषेत गेलीय.

मला पुण्यातल्या आमच्या ऑफिसची मीटिंग आठवली. आठ मराठी, एक हिंदी बोलणारा, आणि नऊच्या नऊ जण हिंदीत. सोसायटीची सभाही तशीच. त्या नवव्या माणसाने कधी तसं मागितलेलं नसतं. आपणच सरकतो, सौजन्याने, आणि त्या माणसाला पाच वर्षांत मराठी ऐकूच येत नाही.

मी त्यांना म्हटलं, तुम्ही आपसात वेल्शच बोला, आम्हाला ऐकायला आवडेल, बहीण थोडं समजावून सांगेल. ते हसले, खूश झाले, पण मिनिटभर कुणालाच सुरुवात करता येईना. शेवटी त्यांच्यातल्या वयस्कर बाईंनी ट्रॅक्टरवाल्याला काहीतरी सुनावलं आणि गाडी रुळावर आली.

त्यातल्या एका आजोबांनी भारत म्हटल्यावर विचारलं, "ब्रन्याय काशा?" मला कळेना. काशा म्हणजे खासी, त्यांना खासी टेकड्या म्हणायचं होतं. १८४१ मध्ये वेल्सचा थॉमस जोन्स हा मिशनरी चेरापुंजीला गेला आणि त्याने खासी भाषा रोमन लिपीत लिहायला घेतली. खासींच्या गीताची चाल आजही वेल्सच्या राष्ट्रगीताचीच आहे. चर्चमध्ये वाढलेल्या जुन्या पिढीला मुंबईपेक्षा शिलाँग जवळचं. धर्मांतराच्या त्या कामाबद्दल कुणाचं काही मत असो, पण त्याच शतकात खुद्द वेल्समध्ये काय चाललं होतं ते शेजारी ठेवून पाहा. शाळेत वेल्श बोलताना सापडलेल्या मुलाच्या गळ्यात लाकडाचा तुकडा अडकवायचा, त्यावर 'वेल्श नॉट'. दुसरं कुणी बोलताना सापडलं की तुकडा त्याच्या गळ्यात. दिवस संपताना ज्याच्या गळ्यात असेल त्याला शिक्षा. म्हणजे पोराने पोराला पकडून द्यायचं. १८४७ मध्ये लंडनहून आलेल्या अहवालाने तर वेल्श भाषा हे लोकांच्या प्रगतीतलं आणि नीतिमत्तेतलं विघ्न ठरवून टाकलं.

नावांतही हा इतिहास आहे. 'वेल्स' हा शब्द इंग्रजांच्या पूर्वजांचा, अर्थ परके लोक. स्वतःच्याच भूमीत परके. ते स्वतःला म्हणतात 'कम्री', एका मुलखातले सोबती. म्हणून 'वेल्श लोकांना बाहेरचे आवडत नाहीत' हे वाक्य मला आता सहज उच्चारता येत नाही.

तक्रार आहे, नाही असं नाही, पण ती घरांची आहे. ल्हीनच्या किनाऱ्यावरच्या गावांतून संध्याकाळी फिरलं की ओळीने काळोख्या खिडक्या दिसतात. कुणाची तरी सुट्टीतली घरं. स्थानिक पगारावर तिथे घर घेणं तरुणांच्या आवाक्यात राहिलेलं नाही. अबरसोख या प्रसिद्ध किनाऱ्यावरची वेल्श शाळा पटसंख्येअभावी २०२१ च्या डिसेंबरात बंद झाली. १९७९ पासून पुढे दहा-बारा वर्षं अशी रिकामी घरं जाळण्याचेही प्रकार झाले. आज मार्ग कायद्याचा आहे. ग्विनेडने २०२३ पासून दुसऱ्या घरांवर मूळ कराच्या वर आणखी १५० टक्के लावले. बसमध्ये भेटलेला एक तरुण मला म्हणाला, "पर्यटक आले नाहीत तर माझी नोकरी जाईल, आणि घरं विकत घेऊ लागले तर माझं गाव जाईल." कोकणात आणि गोव्यात घर घेतलेल्या माझ्याच नातेवाइकांना मी हे वाक्य फोनवर सांगितलं.

म्हणून राहण्याबद्दल माझं सांगणं स्पष्ट आहे : मालक स्वतः राहतो अशा घरी, गावातल्या हॉटेलात किंवा शेतघरी उतरा. आरक्षण करताना "तुम्ही इथेच राहता का" हे विचारायला लाजू नका.

ल्हिथ्वाइनहून खाली समुद्राकडे नांत गुर्थेर्नला जा. खाणकामगारांची ओसाड पडलेली वस्ती होती ही. एका डॉक्टरच्या पुढाकाराने विश्वस्त मंडळाने १९७८ मध्ये ती घेतली, आणि १९८२ पासून तिथे मोठ्या माणसांना वेल्श शिकवतात. ते डॉक्टर, कार्ल क्लोझ, मँचेस्टरला वाढलेले, वेल्श मोठेपणी शिकलेले. राहून शिकण्याचे वर्ग आधी नोंदवावे लागतात; नुसतं पाहायला आणि कॅफेत बसायला तसंच जाता येतं. उतार भयंकर आहे, गुडघे दुखत असतील तर चालत उतरू नका.

पाचव्या दिवशी बाला या गावाजवळच्या ल्हिन केलिन या धरणावर. त्याच्या पाण्याखाली कापेल केलिन हे गाव आहे : शाळा, पोस्ट, प्रार्थनाघर, शेतं, पूर्ण वेल्शभाषक. लिव्हरपूल महापालिकेला पाणी हवं होतं. १९५७ मध्ये लंडनच्या संसदेत कायदा झाला. वेल्समधल्या ३६ खासदारांपैकी एकानेही बाजूने मत दिलं नाही, तरी झाला. १९६५ मध्ये पाणी भरलं. लिव्हरपूलने माफी मागितली २००५ मध्ये. काठावर एक लहानसं दगडी स्मारक-चॅपल आहे, शेजारी उचलून आणलेले कबरींचे दगड. आम्ही गेलो तेव्हा चिटपाखरू नव्हतं. वारा इतका की छत्री उलटी झाली. भाचीने एका दगडावरचं नाव मोठ्याने वाचलं, अगदी शाळेत वाचतात तसं, आणि पुढचं वाचायला लागली. सगळी नावं वाचून होईपर्यंत आम्ही कुणी हललो नाही.

गावोगाव भिंतींवर, गाड्यांच्या काचांवर 'कोवियुख द्रवेरिन' लिहिलेलं दिसेल. त्रवेरिन आठवा, म्हणजे हे खोरं आठवा. 'त'चा 'द' कसा झाला? आपल्याकडे सामान्यरूपात शब्दाचा शेवट बदलतो, त्यांच्याकडे सुरुवात बदलते. मराठी माणसाला हे समजायला दोन मिनिटं पुरतात. धरणावर जायला मात्र गाडीच हवी. भाड्याने घेतलीत तर लक्षात ठेवा, वस्तीतली वेगमर्यादा वेल्समध्ये ताशी २० मैल आहे, इंग्लंडपेक्षा कमी. रस्त्यावर 'आराव' लिहिलेलं असतं ते 'सावकाश'.

बोलायचं काय? 'बोरे दा' म्हणजे शुभ सकाळ, 'दिओल्ख' म्हणजे आभार, 'पानद' म्हणजे चहाचा कप (दक्षिण वेल्समध्ये शब्द वेगळा). नारिंगी बोलफुग्याचा बिल्ला लावलेल्या दुकानदाराला, कारकुनाला वेल्श येतं. तिथे बिनधास्त सुरुवात करा. समोरचा लगेच इंग्रजीवर येईल. तेव्हा 'दुइन डस्गी', मी शिकतेय, एवढं म्हणा आणि थांबा. मी सहा दिवसांत हे वीसेक वेळा केलं. तोंड वाकडं करणारं एकही माणूस भेटलं नाही. कातडीच्या रंगावरून कुणी कमीजास्त बोललं नाही. "तुम्हाला भाषा किती येतात" हा प्रश्न मात्र सारखा आला, आणि तीन म्हटल्यावर भुवया उंचावल्या नाहीत, मान डोलली.

शाकाहारींनी 'बारा ब्रिथ' हा सुक्यामेव्याचा चहाबरोबरचा पाव खावा (अंड्याचं विचारून घ्या). 'काउल' हे सूप बहुधा मटणाचं असतं. तव्यावरचे वेल्श केक कधीकधी चरबीत भाजतात, तेही विचारा. रविवारी बस फार कमी, मुक्काम शनिवारीच हलवा. पावसाचा कोट हवाच, छत्रीचा उपयोग नाही.

बहीण वेल्श शिकतेय त्याचं कारण तिने शेवटच्या रात्री सांगितलं. स्मृतिभ्रंश झालेल्या म्हाताऱ्यांची इंग्रजी आधी जाते, कारण ती नंतर शिकलेली. उरते ती वेल्श. घाबरलेल्या एका आजींना तिने पहिल्यांदा 'ल्हे मायन ब्रिवो', कुठे दुखतंय, असं विचारलं तेव्हा आजींनी तिचा हात धरला आणि दहा मिनिटं बोलत राहिल्या. बहिणीला त्यातलं फार थोडं कळलं. बोट ठेवून दाखवलेली जागा कळली.

जमलं तर ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात होणारा राष्ट्रीय आयस्तेद्वॉद हा महोत्सव गाठा. एक वर्ष उत्तरेत, एक वर्ष दक्षिणेत साधारण असं चालतं. कविता, गायन, वादविवाद, सगळं मंचावर वेल्शमध्येच. ज्याला येत नाही त्याला कानाला लावायला भाषांतराचं यंत्र मिळतं. ग्विनेडच्या परिषदेच्या सभांतही तसंच. आलेल्या माणसाला सगळं कळतं आणि सभा भाषा बदलत नाही. राहायची जागा मात्र आधीच पाहून ठेवा, आसपास सगळं भरलेलं असतं. भाची यंदा शाळेच्या गटातून गाणार आहे, आम्ही तिकिटं काढली आहेत.