आमची वाटचाल : एक 'खट्' आणि चार बिलं

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात गॅरेज टाकलं की काम आपोआप चालत येतं, असं लोकांना वाटतं. येतं की! पण शेजारच्याच्या दारातही जातं.

सुरुवातीला आम्ही दोघे भागीदार. इंजिन त्याच्याकडं, पुढची चाकं माझ्याकडं. एका दिवाळीनंतर तो वेगळा झाला. जाताना ट्रॉली जॅक, हाताखालची पोरं आणि गिऱ्हाइकांची वही घेऊन पलीकडच्या गल्लीत बसला. वहीतलं अक्षर माझं होतं, हे सांगून ठेवतो. इकडं भाडं थकलं, ग्रीससुद्धा उधारीवर. तिकडं अलाइनमेंटचं मशीन आलं, चकचकीत पाटी लागली. माझ्याकडं गाडीखाली उतरायचा खड्डा, लांब टॉमी (लोखंडी पहार) आणि लाकडी मुठीचा स्क्रू ड्रायव्हर, एवढंच. टोक गाडीला टेकवून मूठ कानाला लावली की बेअरिंगची घरघर अजूनही ऐकू येते.

तशात शाहू मार्केट यार्डातले गुळाचे व्यापारी अण्णा आपली जुनी मारुती ८०० घेऊन आले. ब्रेक मारला की पुढं 'खट्', ॲक्सिलरेटर दाबून गाडी उचलली की परत 'खट्'. पलीकडच्या गल्लीत आधी शॉकअप बदलले, मग टायरॉड एंड, मग ड्राइव्ह शाफ्ट, शेवटी स्टिअरिंगचा अख्खा रॅक. आवाज होता तिथंच.

जॅकवर चाक वर-खाली हलवलं, आडवं हलवलं. कुठंच प्ले, म्हणजे ढिलेपणा, नाही. नसणारच! चाक लोंबकळलं की बुशवरचा (सांध्यातल्या रबरावरचा) भार उतरतो आणि खटखट गप्प बसते. म्हणून गाडी खड्ड्यावर घेतली, चारी चाकं जमिनीवर. अण्णांना म्हटलं, "ब्रेक दाबून धरा, हाफ क्लचवर जरा पुढं ओढ द्या, मग मागं." खालून बघतो तर डावा लोअर आर्म, म्हणजे चाकाला खालून धरणारा दांडा, पुढं-मागं सरकतोय. त्या आर्मला जागेवर धरणाऱ्या स्टॅबिलायझर बारचा बुश खाऊन गेलेला. आवाज पत्र्यातून वर चढून डॅशबोर्डात घुमायचा, म्हणून सगळ्यांना स्टिअरिंगचा संशय. दोन मिसळींच्या पैशांत काम झालं.

अण्णांनी ही गोष्ट अख्ख्या यार्डात केली. गुळाच्या टेम्पोंपासून व्यापाऱ्यांच्या गाड्यांपर्यंत सगळं माझ्या दारात येऊ लागलं. पुढची वर्षं बरी गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

एक मात्र ऐका. आर्मच्या बुशचा बोल्ट गाडी जॅकवर असताना कधी आवळू नका. चाकं जमिनीवर टेकवून, गाडीचं वजन घेऊनच आवळा, नाहीतर रबराला पीळ बसतो आणि नवा बुशही लवकर फाटतो. आणि वळताना 'कट् कट्' आली तर आधी सीव्ही जॉइंटचं (ड्राइव्ह शाफ्टच्या चाकाकडच्या सांध्याचं) रबरी बूट फाटलंय का बघा, उगाच बेअरिंगला शिव्या देऊ नका.

पलीकडून फिरून आलेल्या गाड्या आजही येतात. आवाज ऐकायच्या आधी मी तिकडचं बिल मागतो. कामाला त्याचा उपयोग शून्य, पण वाचल्याशिवाय मला खड्ड्यात उतरवत नाही.