घिरट्या ओळखणारा प्रोग्राम : पावसाळ्यातली नोंद

विमानांचे संदेश पकडणारा माझा डोंबिवलीच्या गच्चीवरचा रिसीव्हर आता रात्रंदिवस चालू आहे. 1090 मेगाहर्ट्झवरचे एडीएस-बी संदेश, म्हणजे विमानं स्वतःहून पाठवतात ती जागा, उंची आणि दिशा, यूएसबी डोंगल पकडतो, रास्पबेरी पाय हा चिमुकला संगणक ते उलगडतो आणि माझा प्रोग्राम दर 5 सेकंदांनी प्रत्येक विमानाची दिशा तपासतो. 7700 हा आणीबाणीचा स्क्वॉक, म्हणजे विमानाने पाठवायचा चार आकडी संकेत, ओळखणं सोपं, आकडा जुळला की झालं. कस लागतो तो एकाच जागी गोल फिरणाऱ्या विमानाच्या घिरट्या ओळखताना.

मूळ कल्पना लॉस एंजेलिसच्या जॉन वाइजमन यांच्या बॉट्सवरून, म्हणजे घिरट्या घालणारी विमानं आपोआप टिपणाऱ्या प्रोग्राम्सवरून घेतली. दिशेत पडणारा फरक बेरजेत धरत जायचा. उजवं वळण अधिक, डावं उणे. 20 मिनिटांत बेरीज 720 अंशांवर, म्हणजे दोन पूर्ण फेऱ्यांवर गेली की टेलिग्रामवर निरोप.

पहिले चार दिवस एकही निरोप नाही. नकाशावर डोळ्यांदेखत विमान गोल फिरतंय आणि बेरीज काही केल्या 358 च्या पुढे सरकेना! दिशा 359 वरून 1 वर आली की प्रोग्राम ते वळण उणे 358 धरायचा, आणि केलेली सगळी बेरीज पुसली जायची. आता फरकात 540 मिळवतो, 360 ने भागून बाकी घेतो, त्यातून 180 वजा करतो. उत्तर 2 येतं. संदेशांत खंड पडला तर मात्र बेरीज सोडून देतो. सेकंदाला 3 अंश वळणारं विमान मिनिटभर दिसलं नाही, तर ते डावीकडून वळलं की उजवीकडून, हे सांगताच येत नाही.

मग जुलै आला. एका धुवाधार संध्याकाळी तासाभरात 14 निरोप, आणि सगळी विमानं नुसती होल्डिंगमध्ये, म्हणजे उतरायच्या परवानगीची वाट बघत! मुंबईच्या जुन्या विमानतळाच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, एका वेळी एकच वापरता येते. पावसाने उतरणं थांबलं की विमानं वर लंबगोल फेऱ्या मारत थांबतात, एकेक फेरी साधारण 4 मिनिटांची. तेव्हा लक्षात आलं, की एकट्या विमानाचा मार्ग कितीही बारकाईने तपासला तरी तो वेगळा आहे का ते कळत नाही. शेजारी काय चाललंय तेही बघायला हवं. नवा नियम असा : त्याच 10 किलोमीटरच्या टापूत, गेल्या अर्ध्या तासात, हजारएक फूट वर-खाली दुसरं कोणी फिरलं असेल, तर ते होल्डिंग. तीच संध्याकाळ पुन्हा चालवून पाहिली. 14 चे 2 निरोप झाले. मला फार आनंद झाला.

सर्वेक्षणाची विमानं अजून निसटतात. शेत नांगरल्यासारखी ती एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे वळतात आणि बेरीज शून्य होते. त्यासाठी चिन्ह न धरता दुसरी बेरीज सुरू केली आहे. बारामतीच्या प्रशिक्षण विमानांच्या फेऱ्यांवरही ती तपासायची आहे, पण सह्याद्रीआडची कमी उंचीवरची विमानं मला दिसत नाहीत. तिकडे कोणाचा रिसीव्हर असेल, तर एका सकाळच्या नोंदी पाठवाल का?