नऊ इंच बाय चौदा इंच

विद्यापीठाच्या कॅप सेंटरवर, म्हणजे उत्तरपत्रिका तपासणीच्या केंद्रावर, इंग्रजी साहित्याचे पेपर तपासत होतो. दहा गुणांचा प्रश्न: विल्यम ब्लेकच्या कवितेतलं बालपण. बहुतेक उत्तरं एकाच गाईडमधून उतरलेली. निसर्ग, कल्पनाशक्ती, निरागसता, झाला रोमँटिसिझम. एका उत्तरपत्रिकेपाशी मात्र लाल पेन थांबलं.

त्या विद्यार्थ्याने सुरुवातच धुराड्याच्या मापापासून केली होती. ब्लेकच्या काळात लंडनच्या घरांत कोळसा जळायचा, त्यासाठी धुराडी अरुंद आणि वळणावळणांची. नेहमीचं माप नऊ इंच बाय चौदा इंच. ती साफ करायला लहान पोरं आत चढवत. पाठ, कोपरं, गुडघे भिंतीला रेटत वर सरकायचं. कातडी सोलवटायची, म्हणून खारं पाणी चोळून ती निबर करायची. पाय घसरून गुडघे हनुवटीला भिडले की पोर तिथेच अडकायचं, गुदमरून मरायचंही. काजळीमुळे या मुलांना पुढे अंडकोशाचा कर्करोग होतो, हे पर्सिव्हल पॉट या सर्जनने १७७५ मध्येच लिहून ठेवलं होतं. १७८८ च्या कायद्याने आठ वर्षांखालची मुलं या कामावर ठेवायला मनाई केली. अंमलबजावणी जवळजवळ शून्य. हे सगळं सांगून तो ब्लेकच्या 'द चिमनी स्वीपर' (धुराडं साफ करणारा) या कवितेकडे वळला होता: १७८९, बापाने विकलेलं पोर, काजळीतच झोपणारं.

मी आठ गुण दिले. तपासलेले पेपर पुन्हा पाहणाऱ्या मॉडरेटरांनी पाच केले. 'सर, हा इतिहासाचा पेपर नाही. मॉडेल आन्सरमध्ये यातलं काही नाही.' मॉडेल आन्सरमध्ये नाही, हीच तर माझी तक्रार आहे.

त्यांचा एक मुद्दा मात्र खरा होता. प्रत्येकाने कर्तव्य केलं तर कुणाला इजेची भीती नाही, असं म्हणत ती कविता संपते, आणि विद्यार्थ्याने या शेवटाला हातच लावला नव्हता. पण धुराड्याचं माप माहीत नसेल तर ती ओळ भाबडा उपदेश वाटते. माप माहीत असलं की कळतं, मालकांना सोयीचं बोलणं पोराच्या तोंडी बसलंय. १७९४ च्या, याच नावाच्या दुसऱ्या कवितेत ब्लेक हे उघडच बोलतो: आईबाप चर्चमध्ये प्रार्थनेला गेलेत, आणि देव, पुरोहित, राजा मिळून आमच्या दुःखातून स्वर्ग उभा करतात.

म्हणजे विद्यार्थी शेवटच्या ओळीच्या उंबरठ्यापर्यंत पोचला होता. तेवढ्यासाठी दोन गुण कापणं मला पटतं, पाच नाही. सामाजिक संदर्भाला वेगळे गुण ठेवावेत, असं अभ्यास मंडळाला लेखी कळवलंय. उत्तर आलेलं नाही.