जुनी पिकअप

एमएच-२९ ची जुनी बोलेरो पिकअप घेतली. कापूस जिनिंगला न्यायचा, एरवी तालुक्याला तीच. रंग फारच चकाचक दिसला, म्हणून आधी डाल्याखाली, म्हणजे मागच्या माल ठेवायच्या भागाखाली, वाकलो. चावीनं टोकरलं तर ताज्या काळ्या रंगाखालून गंजाचे पापुद्रे निघाले. स्प्रिंगचे पाटे मात्र शाबूत. किंमत तिथंच पाडली.

मिस्त्री म्हणे, "भाऊ, इंजन थंडं असतानाच चालू करून पाहा." निळा धूर नव्हता, म्हणजे ऑइल जळत नव्हतं.

कर्जाचा बोजा असेल तर बँकेची एनओसी अन् बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हाती आल्याशिवाय पैसे सोडू नका. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९-३० वर सह्या हव्यातच. पिवळी पाटी म्हणजे धंद्याची गाडी, त्यामुळे ८ वर्षांनंतर फिटनेस तपासणी दरवर्षी. कटकट आहे.

रिकामी गाडी खड्ड्यात भलतीच उडते. आई सोबत असली की मागं गुरांच्या ढेपेची पोती टाकतो.