मिरचीचं पान वर वळलंय की खाली?

शेंड्याची पानं आकसली की आपण ‘बोकड्या आला’ म्हणून मोकळे होतो आणि हाताशी असेल ते औषध मारतो. पण बोकड्या, म्हणजेच चुरडा-मुरडा, तीन वेगळ्या कारणांनी दिसतो. फवारणीचा पंप उचलण्याआधी पान नीट बघा.

कडा वर वळून पानाची होडी झाली असेल तर फुलकिडे. मागची बाजू रापल्यासारखी, चंदेरी दिसते. शेंड्याखाली पांढरा कागद धरून चार टिचक्या मारा. मिलिमीटरभर लांबीच्या पिवळट रेघा चालू लागल्या, तर निदान पक्कं.

कडा खाली वळून होडी उलटी झाली, देठ लांबला, पान जाड आणि ठिसूळ झालं, तर कोळी (जाळं विणणारा नव्हे, पिकावरचा सूक्ष्म ‘माइट’). हा नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, दहापट भिंग लागतं. इथेच सगळ्यात जास्त फसगत होते. कोळी आठ पायांचा, कीटक नव्हेच. त्यामुळे फुलकिड्यांवरची बरीच औषधं त्याला लागू पडत नाहीत.

पानं बारीक राहून गुच्छ झाला, शिरा जाड झाल्या, झाड खुजं राहिलं आणि कीड सापडत नाही, तर पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू. त्याला औषध नाही. झाड उपटून पिशवीत बांधून टाका. जीवावर येतं, पण ठेवलंत तर शेजारची झाडंही जातात.

फुलकिडे, मावा, पांढरी माशी यांच्यासाठी लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल. आधी १ मिली द्रवरूप साबण तेलात घोटा, मग पाणी घाला; नाहीतर तेल वर तरंगतं आणि पानं करपतात. संध्याकाळी, पानांच्या मागून, ७ दिवसांच्या अंतराने तीनदा फवारा. एकाच फवारणीत अंडी वाचतात. कोळ्यावर पाण्यात मिसळणारं ८० टक्के गंधक, लिटरला २ ग्रॅम. कडक उन्हात नको, आणि तेलानंतर निदान दोन आठवडे तरी नकोच.

पानावर पिवळे डाग आणि नेमक्या त्याच जागी मागे पांढरी पूड असेल तर भुरी. तिलाही हेच गंधक चालतं.

हिरवंगार झाड भर दुपारी मान टाकतं, पाणी देऊनही सावरत नाही? खोड जमिनीलगत कापून तुकडा काचेच्या पेल्यातल्या स्वच्छ पाण्यात लटकवा. काही मिनिटांत दुधट धागे खाली उतरले तर जिवाणूजन्य मर. त्या मातीत टोमॅटो, वांगंही लावू नका. धागे नसतील तर आधी कुंडीचं भोक तुंबलंय का पाहा. मुळं कुजली तरी झाड असंच दिसतं.

फळाच्या टोकाला तपकिरी, चामड्यासारखा खोलगट डाग पडतो तो रोग नाही. माती कधी कोरडी कधी तुडुंब ओली झाली की फळाला कॅल्शियम पोचत नाही. बुरशीनाशक वाया जाईल. पाणी नेमाने द्या, मातीवर आच्छादन घाला. पिकत्या फळावर मात्र वर्तुळात वर्तुळं असलेला दबका डाग फळकुजीचा, आणि त्या फळाचं बी पुढच्या हंगामासाठी ठेवायचं नाही.