४१७ आणि ००४१७

आमच्याकडे मार्च २०२४ मध्ये एक ट्रेनी ५१ दिवस हजर होता. आणि फिटिंगला असलेला जुना ऑपरेटर, ज्याची रजा मागितल्याची कुणाला आठवण नाही, तो महिनाभर गैरहजर.

चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी पगार करते. (देतो मालक, करतो आम्ही.) सहाशेच्या आसपास माणसं, तीन शिफ्ट. गेटवर पंचिंग मशीन, रजेचं सॉफ्टवेअर वेगळं, पगाराचं तिसरंच आणि तेही जुनं. या तिघांची एकमेकांशी ओळख नव्हती, ती मी दर महिन्याला एक्सेलमध्ये करून द्यायचे. मग हजेरी आणि रजा एकत्र सांभाळणारं नवं सॉफ्टवेअर आलं. ‘एपीआय आहे मॅडम, सगळं आपोआप जाईल,’ असं डेमोत सांगितलं होतं. (एपीआय म्हणजे दोन सॉफ्टवेअरनी आपापसात थेट बोलायची सोय.) गेलं, पण अर्ध्या वाटेपर्यंतच. पंचिंग मशीन ते नवं सॉफ्टवेअर एपीआयने. तिथून पुढे पगाराचं जुनं सॉफ्टवेअर एपीआय ओळखतच नव्हतं. त्याला रोज रात्री एका फोल्डरमध्ये सीएसव्ही फाइल, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी टेक्स्ट फाइल, ठेवावी लागायची. नशीब, दोन महिने पगार जुन्या आणि नव्या अशा दोन्ही पद्धतींनी करून ताळा बघायचा, असं मी हट्टाने ठरवून घेतलं होतं.

तर तो ५१ दिवसांचा ट्रेनी. त्याचा कोड ४१७, ऑपरेटरचा ००४१७. कंपनी लहान होती तेव्हा कायम कामगारांना पाच आकडी नंबर दिले गेले, ट्रेनींची यादी नंतर एकपासून सुरू झाली. माणसांना यात कधी गोंधळ वाटला नाही. मला दोन दिवस चूक सापडेना. नव्या सॉफ्टवेअरमध्ये दोघं वेगवेगळे, बरोबर हजेरीसह. शेवटी कळलं की फाइल कशी जाते ते बघायला मीच ती डबल क्लिक करून उघडली होती आणि जाताना सेव्ह केली होती. एक्सेलला ००४१७ म्हणजे आकडा वाटला, त्याने पुढची दोन शून्यं खाल्ली. पगाराच्या सॉफ्टवेअरने एकाच कोडच्या दोन ओळी बघून गुमान बेरीज केली. ऑपरेटरचे २६ आणि ट्रेनीचे २५.

त्याच फाइलमध्ये यूएएनचाही रकाना होता. पीएफचा हा नंबर बारा आकडी. एक्सेल अकरा आकड्यांपर्यंत नीट दाखवतं, बारावा आला की १.०१ई+११ असलं काहीतरी. पडद्यावर तसं दिसणं ठीक, पण सीएसव्ही सेव्ह करताना जे दिसतं तेच लिहिलं जातं. मूळ नंबर गेला तो गेला. तेव्हापासून ती फाइल मी नोटपॅडमध्येच उघडते.

ही चूक निदान ओरडून सांगणारी होती. एप्रिलची गप्प होती.

पीएफचा भरणा करताना ईसीआर नावाची टेक्स्ट फाइल चढवावी लागते. एका माणसाची एक ओळ, अकरा रकाने, मध्ये #~# अशी खूण. पगाराच्या पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत. आम्ही १५,००० च्या मर्यादेवर पीएफ कापतो, म्हणजे कामगाराचे १,८०० आणि कंपनीचेही १,८००. कंपनीच्या वाट्यातले १,२५० पेन्शनमध्ये जातात, ५५० पीएफमध्ये. वय ५८ पूर्ण झालं की पेन्शनचा भरणा थांबतो आणि सगळे १,८०० पीएफमध्ये.

जुन्या आणि नव्या पद्धतीच्या ईसीआर मी शेजारी ठेवून ओळीओळीने बघत होते. स्टोअरमधल्या काकांच्या ओळीत एकीकडे पेन्शन शून्य, दुसरीकडे १,२५०. एकूण बेरीज दोन्हीकडे तीच, त्यामुळे चलनाची रक्कम बघून कुणाला काही कळलंच नसतं. काकांची जन्मतारीख ०७/०३/१९६६. आपण वाचतो ७ मार्च, म्हणजे मार्चमध्येच ५८ पूर्ण. एका सॉफ्टवेअरने तारीख महिना आधी, दिवस नंतर अशी अमेरिकी पद्धतीने वाचली आणि काकांचा जन्म ३ जुलैला लावला.

गंमत अशी की २५/०३ वाल्याची ओळ सिस्टिमने नाकारलीच होती, कारण पंचविसावा महिना नसतो. अशा ओळी आम्ही आधीच दुरुस्त करून ‘तारखांचं झालं’ म्हणून मोकळे झालो होतो. १२ किंवा त्याआधीच्या तारखेला जन्मलेले सगळे मात्र बिनबोभाट आत शिरले होते. मग एक अख्खा दिवस आधार कार्डाच्या झेरॉक्स घेऊन बसलो. आता तारीख १९६६-०३-०७ अशीच पाठवायची, वर्ष आधी, असा लेखी करार दोन्ही सॉफ्टवेअरवाल्यांकडून करून घेतला.

रात्रपाळीचंही झालं. ११ ला आत, सकाळी ७ ला बाहेर. सॉफ्टवेअरच्या हिशेबी एका दिवशी माणूस आला आणि गेलाच नाही, दुसऱ्या दिवशी न येताच गेला. ते सेटिंग मिळालं, तासाभरात सुटलं.

जास्त डोकं खाल्लं ‘सक्सेस’ने. लॉगमध्ये रोज हिरवी खूण, आणि तरी तीन माणसं पलीकडे पोचलेली नसायची. ‘सक्सेस’ म्हणजे फाइल पोचली, माणसं पोचली असं नाही, हे सपोर्टच्या मुलाने चौथ्या फोनवर मान्य केलं. मग मी फाइलच्या शेवटी एक जादा ओळ टाकून घेतली: एकूण माणसं, एकूण दिवस. पलीकडे बेरीज जुळली नाही तर फाइल घ्यायचीच नाही. जुन्या मस्टरच्या पानाखाली कारकून बेरीज मारायचे तसंच. त्या मुलाला हे फार नवीन वाटलं.

कोडपुढे शेवटी अक्षर लावलं, म्हणजे एक्सेल त्याला आकडा समजणार नाही. कायम कामगारांना ‘पी’, ट्रेनींना ‘टी’. नवीन कार्ड वाटताना ००४१७ वाला ऑपरेटर खिडकीशी आला. ‘मॅडम, हा पी कशाचा?’

‘परमनंटचा.’

‘ते आम्हाला माहिती आहे. तुमच्या मशीनला आत्ता कळलं होय?’