आमची वाटचाल : फवारणी पंपाचं वर्कशॉप आणि त्याचं चॅनेल

तासगाव भागात द्राक्षबागांच्या फवारणी पंपांची दुरुस्ती हा आमचा मूळ धंदा. व्हिडिओ त्यातूनच आले. हंगामात दिवसभर फोन: प्रेशर चढत नाही, गनची धार तुटते, ऑइलमध्ये पाणी येतंय. उत्तरं तीच. २०१६ मध्ये जिओ आलं, गिऱ्हाइकांच्या हातात नेट आलं, आणि धाकट्या भावाने एचटीपी पंप (जास्त दाबाने फवारणारा पिस्टनचा पंप) उघडतानाच शूटिंग करून लिंक पाठवायला सुरुवात केली.

जानेवारी २०१८ मध्ये यूट्यूबने जाहिरातीच्या पैशांची अट वाढवली. आधी एकूण १०,००० व्ह्यूज पुरायचे. आता १,००० सबस्क्रायबर आणि १२ महिन्यांत ४,००० तासांचा वॉच टाइम. आम्ही कुठल्या कुठे राहिलो. भाऊ म्हणाला, ‘दादा, बास झालं आता.’ मी म्हटलं, व्हिडिओमुळे फोन कमी झाले ना? मग चालू दे. पुढे अट पूर्ण झाली, पण १०० डॉलर साठल्याशिवाय पैसे खात्यावर येत नाहीत. त्यावर पगार धरला असता तर कधीच शटर ओढलं असतं.

उमेद टिकली ती व्ह्यूजचा आलेख बागेच्या कॅलेंडरसोबत वाचायला लागल्यावर. एप्रिलची खरड छाटणी (नव्या काड्यांसाठी), ऑक्टोबरची गोडी छाटणी (फळासाठी) आली, की पंप बाहेर निघतात आणि दोन-तीन वर्षांपूर्वीचे व्हिडिओ पुन्हा चालू लागतात. ऑक्टोबरात पाऊस लांबला, डाऊनी या बुरशीच्या रोगाची भीती वाढली, की रात्री अकरालाही बघणारे असतात. फेब्रुवारीत माल उतरायला लागतो, औषधाचा अंश राहू नये म्हणून फवारण्या थांबतात, आणि आमचे व्ह्यूजही. भाऊ तेव्हा दर तासाला यूट्यूबचं स्टुडिओ ॲप उघडून, व्ह्यूज बघून तोंड पाडून बसायचा. अरे, बाग काढणीला आलीय, चॅनेल नाही मेलं!

म्हणून शूटिंग मोकळ्या दिवसांत, अपलोड छाटणीच्या तोंडावर. विषय शोधत बसायचं नाही. टेबलावर जो पंप उघडलाय तोच विषय. सुरुवातीचं संगीत आणि ‘नमस्कार मंडळी’ काढून टाकलं, कारण लोक तिथेच सोडून जात होते. शॉर्ट्सही करून पाहिले. आकडे फुगतात, पण पंप घेऊन कोणी येत नाही.

सर्वांत जास्त चाललेला व्हिडिओ दिसायला अगदी साधा आहे: नोझलखाली मोजपात्र धरायचं, एक मिनिट पाणी सोडायचं, नव्या नोझलपेक्षा १० टक्क्यांहून जास्त पडलं तर ते नोझल फेकायचं. निफाड, नारायणगाव, पंढरपूरकडून लोक आपापले आकडे कमेंटमध्ये टाकतात. त्या वाचल्या की भाऊ पुढचा आठवडाभर खुशीत.

सध्या ब्लोअरचा, म्हणजे पंख्याच्या हवेने औषध उडवणाऱ्या फवारणी यंत्राचा, व्हिडिओ अडकलाय. पंखा सुरू झाला की बोललेलं काही ऐकू येत नाही. भाऊ म्हणतो, बोलणं नंतर भरू. माझं म्हणणं, आधी चांगल्या बेअरिंगचा आवाज ऐकवू, मग गेलेल्याचा. बोलायचं काय ते मशीन बंद करून.